पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची बाटली ओतावी का?

महालकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ची पेट्रोल सेडान, ७१ हजार किलोमीटर झालेत. रोजचं चालवणं म्हणजे नागपुरात महालातून सिव्हिल लाइन्स, जाताना चार-साडेचार किलोमीटर, येताना तेवढेच. दोन महिन्यांपासून गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरते. व्हरायटी चौकात स्टीअरिंगवर हात ठेवला तर मनगटापर्यंत जाणवतं. अ‍ॅव्हरेज १६ होतं, ते १३वर आलं.

सर्व्हिस सेंटरने मागच्या दोन्ही सर्व्हिसिंगला न विचारता बिलात ‘फ्युएल सिस्टीम क्लीनिंग’ लावलं. दुसऱ्या वेळी मी विचारलं, नेमकं काय साफ केलं? तर म्हणे टाकीत केमिकल टाकलं. घरी येऊन मॅन्युअल काढलं. सर्व्हिसच्या तक्त्यात असलं काही कामच नाही. आता घराजवळचा मिस्त्री म्हणतो साडेचारशेची बाटली आणा, टाकीत ओता, बघा फरक.

या बाटल्यांनी खरंच काही होतं का? होत असेल तर दर किती किलोमीटरला टाकावी? स्वतः वापरलेल्यांनी सांगावं, कारण दुकानदाराचं मत मला आधीच माहीत आहे.

धरमपेठी
काही गरज नाही. माझी गाडी १ लाख ४० हजार चालली, एक थेंब टाकला नाही. चांगल्या पंपावर भरा आणि वेळेवर सर्व्हिसिंग करा.

बजाजनगर_ताई
माझा अनुभव उलटा आहे. २०१४ची हॅचबॅक, सकाळी सेल्फ मारला की दोन-तीन वेळा अडखळायची. बाटली टाकली, टाकी संपेपर्यंत चालवली आणि अडखळणं गेलं. वर्ष झालं, परत आलं नाही. घरी बाबा त्या बाटलीला गाडीचं च्यवनप्राश म्हणतात.

निवृत्त_रिफायनरी
धरमपेठी आणि बजाजनगर_ताई, दोघांचंही खरं असू शकतं. तेल शुद्धीकरणात नोकरी गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पेट्रोलमधले काही घटक हवा आणि उष्णतेमुळे हळूहळू चिकट होतात, त्याला गम म्हणतात. इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या नळीच्या, टोकाला हा थर बसतो तो मुख्यतः गाडी बंद केल्यावर. चालू असताना नवं पेट्रोल टोक धुत असतं, थंडही ठेवतं. गरम इंजिन बंद केलं की टोकाला राहिलेला थेंब तिथेच भाजतो, हलका भाग उडून जातो आणि मागे वार्निशसारखा पापुद्रा राहतो. चार किलोमीटर चालवून बंद, पुन्हा चार किलोमीटर, पुन्हा बंद, असं करणाऱ्याच्या गाडीत ही भाजणी जास्त वेळा होते. हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीचे १ लाख ४० हजार आणि महालातल्या गल्लीतले ७१ हजार एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

साफ करणाऱ्या रसायनाचा रेणू दोन टोकांचा असतो. एका टोकाला नायट्रोजनचा गट, तो थराला चिकटतो. दुसरं टोक लांब शेपटीचं, ते पेट्रोलमध्ये विरघळतं. साबण तेलकट ताट जसं सोडवतो तसंच काम. यात पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, सर्वांत चांगलं, कारण ते दहनकक्षातल्या उष्णतेतही टिकतं आणि तिथला थरही काढतं. पॉलिआयसोब्युटीन अमाइन इंजेक्टर आणि व्हॉल्व्हपर्यंत ठीक, पण जास्त प्रमाणात टाकलं तर दहनकक्षात स्वतःच थर वाढवू शकतं. म्हणून बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर मी घेत नाही.

हे रसायन काही फसवणुकीचा माल नाही. अमेरिकेत १९९५पासून विक्रीच्या प्रत्येक पेट्रोलमध्ये थर रोखणारं अ‍ॅडिटिव्ह घालणं सक्तीचं आहे. ते प्रमाण कमी पडतं असं वाटून बीएमडब्ल्यू, जीएम, होंडा आणि टोयोटा यांनी २००४मध्ये ‘टॉप टियर’ नावाचं वरचं मानक काढलं. म्हणजे गाड्या बनवणाऱ्यांनाच त्याची गरज वाटली होती. पण गरज कुठल्या गाडीला, हा प्रश्न उरतोच.

मिहानवासी
काका, मग एक्सपी९५, स्पीड, पॉवर या महागड्या पेट्रोलमध्ये तेच असतं का? मी नेहमी महागडं भरतो, मग मला बाटली नको ना?

निवृत्त_रिफायनरी
त्यात साफ ठेवणारी अ‍ॅडिटिव्हं असतात, हो. फक्त ऑक्टेन आणि सफाई यांची गल्लत करू नका. ऑक्टेनचा आकडा म्हणजे नॉकिंगला, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून ठकठक होण्याला, विरोध. तो वाढला म्हणून इंजेक्टर धुतला जात नाही. आणि रोजच्या इंधनातलं प्रमाण थर बसू नये इतपत असतं. बसलेला जुना थर काढायला दाट डोस लागतो, तो बाटलीत असतो.

गॅरेजवाला_मानेवाडा
महालकर भाऊ, मी अठरा वर्षं झाले गॅरेज चालवून राहिलो. लोकं येतात अन् म्हणतात, बाटली टाकून द्या, गाडी थरथरून राहिली. मी म्हणतो बाप्पा, आधी बॉनेट तं उघडू द्या! थरथरण्याची दहा कारणं आहेत अन् इंजेक्टर त्यातलं एक.

माझा क्रम सांगतो. पहिले एअर फिल्टर. आपल्याकडे सिमेंट रोडची खोदाई कुठं ना कुठं चालूच असते, फिल्टर सहा महिन्यांत पिठाच्या चाळणीवानी होतो. मग प्लग काढून त्याचं तोंड पाहायचं. काळं कोरडं असेल तं पेट्रोल जास्त जळून राहिलं, पांढरं पडलं असेल तं हवा जास्त. मग इग्निशन कॉइल, मग थ्रॉटल बॉडी. थ्रॉटलच्या पाकळीमागं काळा राप बसतो अन् आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं चालणं, बिघडते. तो राप टाकीत ओतलेल्या बाटलीनं जात नाही, काऊन का पेट्रोल तिथून जातच नाही! तिथून फक्त हवा जाते. स्प्रे मारून, कापडानं पुसूनच काढा लागतो. अर्ध्याहून जास्त गाड्या माझ्याकडं तिथंच नीट होतात.

एवढं करून नाही सुधरलं तं इंजेक्टर बाहेर काढून टेस्ट बेंचवर लावतो. चारही नळ्यांत किती पेट्रोल पडलं ते डोळ्यानं दिसते. फवारा धुक्यासारखा पाहिजे, धार पडून राहिली तं समजा चोकअप. मग अल्ट्रासॉनिकमध्ये धुतो. त्याले पैसे लागतात, पण गिऱ्हाइकाले आधीचं अन् नंतरचं दाखवता येते.

धरमपेठी
गॅरेजवाला भाऊंनी हजार रुपयांचा सल्ला फुकट दिला. मला हेच म्हणायचं होतं, फक्त एवढं नीट जमलं नाही.

बजाजनगर_ताई
पण सरसकट ‘आधी सगळं तपासा’ म्हणणंही सोपं नाही. नोकरी करणाऱ्या बाईला गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये ठेवणं परवडत नाही. साडेचारशेत प्रयोग करून पाहिला तर बिघडलं काय?

गॅरेजवाला_मानेवाडा
ताई, एकदा टाकली तं काही बिघडत नाही, मान्य. पण कॉइल जाऊन राहिली असेल अन् तुम्ही महिनाभर बाटलीच्या भरवशावर फिरलात, तं न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. तो तापून बसला तं खर्च हजारांत जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तं बाटली नका शोधू, गाडी थांबवा.

बजाजनगर_ताई
हे माहीत नव्हतं. दिवा लागणं आणि लुकलुकणं यात फरक असतो हेही नाही. धन्यवाद भाऊ.

टर्बोप्रेमी
माझ्या १.० टीएसआयला दर दहा हजाराला बाटली टाकतो. इनटेक व्हॉल्व्ह स्वच्छ राहतात.

निवृत्त_रिफायनरी
टर्बोप्रेमी, तुमची गाडी डायरेक्ट इंजेक्शनची आहे. जुन्या एमपीएफआय पद्धतीत इंजेक्टर व्हॉल्व्हच्या मागे, इनटेकच्या तोंडाशी बसतो. पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतं, म्हणून त्यातलं रसायन व्हॉल्व्ह धुतं. तुमच्या इंजिनात इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारतो. पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीला शिवतही नाही. क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातून, येणारी तेलाची वाफ मात्र त्याच व्हॉल्व्हवर बसत राहते, तिला धुणारं काही नाही. टाकीत काहीही ओता, तिथवर पोचणार नाही. बाटलीचा फायदा झालाच तर इंजेक्टरच्या टोकाला आणि दहनकक्षात.

व्हॉल्व्हवरचा कार्बन फार झाला तर इनटेक मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या टरफलाचा भुगा दाबाने मारतात. अक्रोडाचं टरफल कार्बन खरवडण्याइतकं कडक आणि धातूला ओरखडा न पाडण्याइतकं मऊ असतं. टोयोटाने काही इंजिनांत दोन्ही प्रकारचे इंजेक्टर एकत्र बसवले, त्याचा एक फायदा हाच.

टर्बोप्रेमी
चार वर्षं मी वेगळ्याच समजुतीत होतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने मला व्हॉल्व्हचाच फोटो दाखवून बाटली दिली होती. तो फोटो बहुतेक एमपीएफआय गाडीचा असावा.

कामठीरोड
मुद्दा भरकटतोय असं वाटेल, पण अ‍ॅव्हरेज पडण्याचं खरं कारण ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. इथेनॉल आल्यापासून सगळ्यांचीच ओरड आहे. बाटल्या कसल्या टाकता!

मिहानवासी
सहमत. आणि इथेनॉलचा आग्रह धरणारे मंत्री आपल्याच शहराचे खासदार. २०१४मध्ये इथेनॉलवर धावणारी हिरवी बस नागपुरातच आली होती, आठवत असेल.

निवृत्त_रिफायनरी
आकडे मांडू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २० टक्के मिश्रण म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ६ ते ७ टक्के घट. नीती आयोगाच्या २०२१च्या इथेनॉल आराखड्यातही ई१०साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींसाठी हाच अंदाज आहे. १०वरून २० टक्क्यांवर येताना फरक त्याच्या निम्माच. महालकरांचं अ‍ॅव्हरेज १६वरून १३ झालं, म्हणजे जवळपास १९ टक्के. एवढं सगळं इथेनॉलच्या माथी मारता येत नाही, काहीतरी दुसरं आहे. आणि इथेनॉलमुळे होणारी घट कुठलीही बाटली भरून काढू शकत नाही, हेही तेवढंच खरं.

बाकी इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. गाडीतला फ्युएल पंप टाकीच्या तळातूनच पेट्रोल उचलतो. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीचे मालक, तुम्ही जपा. शिवाय इथेनॉल चांगलं द्रावक आहे, जुन्या टाकीतला मळ सुटून फिल्टरमध्ये येऊ शकतो.

खामलेकर
मागच्या जुलैत धो धो पावसात एका पंपावर टाकी फुल केली आणि दीड किलोमीटरवर गाडी बंद. टाकी उतरवली तर तळाला वेगळा थर दिसला. पंपाचं नाव लिहीत नाही, पण तेव्हापासून एक शिकलो. पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. नोझलचं तोंड पुसून पेपरवर दोन-चार थेंब टाकायचे. चांगलं पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जातं, डाग राहत नाही. डाग राहिला तर भेसळीची शंका घ्यायची. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं प्रमाणित माप आणायला सांगा. हा आपला हक्क आहे. मी मागितलं तेव्हा पोऱ्या आधी माझ्याकडे बघत राहिला, मग आतून मॅनेजरने मुकाट्याने आणून दिलं.

गॅरेजवाला_मानेवाडा
खामलेकर भाऊ बरोबर बोलून राहिले. पाण्यासाठी मात्र पेपरच्या भरवशावर राहू नका. काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन पाच मिनिटं ठेवा, खालचा थर दिसून येते.

बुटीबोरी_डिझेल
डिझेलवाल्यांसाठी कुणी बोलेल का? बीएस६ एसयूव्ही आहे. घरून कंपनी आणि कंपनीतून घर, दर दोन आठवड्यांनी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा. बाटली टाकू का?

गॅरेजवाला_मानेवाडा
डीपीएफमधली काजळी जाळायला सायलेन्सर लाइन जवळपास ६०० डिग्री तापली पाहिजे. छोट्या फेऱ्यांत ते होतच नाही, अन् मध्येच गाडी बंद केली तं जाळणं अर्धवट राहते. दिवा लागला की वर्धा रोडनं निघा, एका वेगात अर्धा तास चालवा, मग पाहा. त्यानं नाही गेला तं बाटली अन् मग स्कॅनर.

अन् एक हात जोडून सांगतो. पेट्रोलची बाटली डिझेलमध्ये नाही, डिझेलची पेट्रोलमध्ये नाही. ज्याच्या गाडीले डीईएफ, म्हणजे धूर साफ करणारं युरियाचं पाणी लागते, त्यानं निळं झाकण नीट पाहा. माझ्याकडं एक गाडी आली होती, ड्रायव्हरनं डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतला. हाय प्रेशर पंप, रेल, चारही इंजेक्टर, सगळं बदललं. मालक माझ्यासमोर स्टुलावर बसून होता, तोंडातून शब्द निघून नाही राहिला. अशी चूक झाली तं चावीसुद्धा फिरवू नका, गाडी टोइंग करून आणा.

बुटीबोरी_डिझेल
बापरे. ड्रायव्हरला आजच दाखवतो कुठलं झाकण कशाचं.

समृद्धीस्वार
माझा उपाय सोपा. दोन-तीन महिन्यांनी समृद्धीवर घ्यायची, १२०ला लावून शिर्डीपर्यंत. येताना गाडी हलकी वाटते. ५२० किलोमीटरचा टप्पा, सगळा कार्बन बाहेर!

निवृत्त_रिफायनरी
निम्मं मान्य. जोरात आणि बराच वेळ चाललं की दहनकक्ष आणि प्लग तापतात, मऊ काजळी जळते. इंजिन ऑइलमधलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडते, हा छोट्या फेऱ्यावाल्यांना मोठाच फायदा. पण इंजेक्टरच्या टोकावरचा कडक वार्निश वेगाने निघत नाही.

खामलेकर
समृद्धीवर निघण्याआधी टायर बघा, इंजिनाचं नंतर. जुने टायर आणि उन्हाळ्यातलं काँक्रीट यांचं जमत नाही. सकाळी थंड टायरला हवा तपासा, दाराच्या खांबावर आकडा लिहिलेला असतो.

स्कॅनरभाऊ
महालकर, कुणी विचारलंच नाही म्हणून विचारतो. गाडीत आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आहे का? असेल तर हजार-बाराशेचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय, त्याची ती टक्केवारी. शून्याच्या आजूबाजूला पाच टक्के ठीक. एकदा गरम इंजिनवर आयडलिंगला बघा, एकदा २५०० आरपीएमला धरून बघा.

आयडलिंगला ट्रिम खूप वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठून तरी हवा चोरून आत जातेय. कारण आयडलिंगला इंजिन हवा थोडीच घेतं, त्यात चोरीची हवा मोठी वाटते. रेस दिल्यावर तीच हवा किरकोळ ठरते. उलट रेस देऊन, ओझं टाकून ट्रिम वरच राहत असेल किंवा वाढत असेल, तर पेट्रोल कमी पोचतंय. मग इंजेक्टर, फिल्टर किंवा पंपाकडे बघा. एअरफ्लो सेन्सरऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाडीत मात्र हे गणित असंच चालत नाही, तिथे हवा गळली की बहुधा आयडलिंगच चढतं.

आणि अ‍ॅव्हरेज डिस्प्लेवरचं सांगताय की टाकी फुल ते टाकी फुल?

महालकर
डिस्प्लेवरचं सांगितलं होतं, चूक झाली. सेन्सर आहे. मावसभावाकडे स्कॅनर आहे, रविवारी बघतो.

कामठीरोड
रविवारी निकाल टाका. मी इथेनॉलवरच पैज लावून आहे. हरलो तर तर्री पोहे माझ्याकडून.

महालकर
निकाल सांगतो. आयडलिंगला ट्रिम अधिक १८, २५०० आरपीएमला अधिक ५. स्कॅनरभाऊंच्या सांगण्याप्रमाणे हवेची चोरी. सोमवारी गाडी मानेवाड्याला नेली. भाऊंनी दहा मिनिटांत शोधलं: क्रँककेसमधून इनटेककडे जाणारा रबरी पाइप खालच्या बाजूला उंदराने कुरतडला होता. गाडी घरामागच्या बोळात उभी असते, धान्याचं गोदाम शेजारी. पाइप २४० रुपये. थ्रॉटल बॉडीही साफ केली, कापड काळं झालं ते मी स्वतः पाहिलं. टायरमध्ये ३३ऐवजी २४ हवा निघाली.

थरथर गेली. व्हरायटी चौकात मुद्दाम लाल सिग्नलला थांबून पाहिलं. टाकी फुल ते टाकी फुल १५.१ मिळालं, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ तापलेले दिवस, नुकताच सरला आणि एसी सतत चालू होता, तरीही.

म्हणजे दोन्ही वेळा बिलात लावलेली सफाई त्या पाइपला काय करणार होती? वाईट वाटतं ते पैशांचं नाही. मी दोनदा सांगितलं होतं की गाडी थरथरते आणि कुणी बॉनेटखाली वाकूनही पाहिलं नाही.

कामठीरोड
हरलो. पोहे नक्की. मधला एक किलोमीटरचा फरक मात्र इथेनॉलच्या खात्यात लिहा.

बजाजनगर_ताई
महालकर, पाइपला जाळी किंवा कडक नळी बसवून घ्या. आमच्याकडे वायरिंग दोनदा खाल्लं.

महालकर
मूळ प्रश्नाकडे येतो. आता ट्रिम आयडलिंगला अधिक ६, रेसवर अधिक ५. ऑइल बदलायला ८०० किलोमीटर उरलेत. रोजच्या फेऱ्या चार किलोमीटरच्याच राहणार. काका, माझ्यासारख्याने बाटली टाकावी का?

निवृत्त_रिफायनरी
तुमच्या गाडीला एकदा टाकायला माझी हरकत नाही. एमपीएफआय आहे, फेऱ्या छोट्या आहेत आणि आता हवेची चोरी बंद झाली असूनही ट्रिम दोन्हीकडे थोडी वरच आहे. पीईए असलेली घ्या. टाकी जवळपास रिकामी असताना आधी बाटली, मग लगेच पेट्रोल फुल, म्हणजे मिसळतं. बाटलीवर जितक्या लिटरला लिहिली आहे तितक्यालाच, दोन एकदम नाही. ती टाकी पाव राहीपर्यंत वापरा, जमल्यास त्यात रामटेक किंवा पेंचची एक फेरी होऊ द्या. नंतर ऑइल बदला, कारण या रसायनाचा काही भाग ऑइलमध्ये उतरतो. त्यापुढे ८-१० हजार किलोमीटरपर्यंत ट्रिम बघत राहा. हलली नाही तर पुन्हा टाकायचं कारण नाही.

गॅरेजवाला_मानेवाडा
काकांशी सहमत. ऑइल बदलायले आलात की चारही प्लग काढून ठेवतो, तुमच्यासमोर पाहू.

महालकर
ठरलं. शनिवारी बाटली, रविवारी रामटेक. पुढची ट्रिम इथेच लिहितो.